खर्डीची जीप, नाशिकची थार आणि सिस्सूचा बर्फ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मसुदा. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

या भागाला कारण आहे माझा मामेभाऊ. दादाने मागच्या वर्षी थार घेतली. यंदा डिसेंबरच्या सुट्टीत वहिनी आणि पाच वर्षांच्या पुतणीला घेऊन तो खर्डी ते मनाली, आणि पुढे बोगद्यातून सिस्सूला जाणार आहे. मी विचारलं, "दादा, चाकांच्या चेन घेतल्यास का?" तर म्हणाला, "अरे, थार आहे ती. टॅक्सी नाही."

मग मी हळूच विचारलं, तुझी फोर बाय फोर आहे ना? तो गप्प. गाडीची कागदं काढून पाहिली. रिअर व्हील ड्राइव्ह! म्हणजे इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना. थारचं असं मॉडेल जानेवारी २०२३ मध्ये आलं, किंमत कमी असल्यामुळे खूप खपतं, आणि शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांना ते पुरेसंही आहे. पण दिसायला ती तशीच दिसते. घेणाऱ्यालाही वाटतं आपण डोंगर चढणारं जनावर घेतलं. त्यात दोष कुणाचा नाही. "जीप" या शब्दाबरोबर आपल्या डोक्यात काय काय येऊन बसलंय, त्याचा हा परिणाम. ते कुठून आलं, तेच आज बघू.

आमच्या खर्डीत जीप म्हणजे स्टेशनबाहेर उभी राहणारी काळी-पिवळी. पुढे ड्रायव्हरसकट चार, मधे चार, मागे समोरासमोर आठ, आणि उरलेले दाराला लटकून. माझे काका अशी एक कमांडर चालवायचे. आवणीच्या दिवसांत पाड्यांकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसता लाल चिखल. गाडी रुतली की एक चाक जागच्या जागी गरगर फिरायचं आणि बाकीची तिन्ही ढिम्म. काका उतरून शिव्या घालायचे, मग चाकाखाली भाताचा पेंढा, गोणपाट, एखादी फांदी टाकायचे, आणि आम्ही पोरं मागून ढकलायचो. एकच चाक का फिरतं हे मला बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. डिफरन्शियल नावाची गियरची पेटी वळणावर आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देते. ती नसती तर प्रत्येक वळणावर टायर घासले गेले असते. पण तिची खोड अशी, की ज्या चाकाला पकड नाही तेच ती फिरवत बसते. चिखलात तेच, बर्फातही तेच.

आता जरा मागे जाऊ. १९४० साल. युरोपात युद्ध पेटलेलं. अमेरिकेच्या सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती, आणि नमुना करून द्यायला मुदत होती ४९ दिवसांची. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना दिला, पण मोठं काम मिळालं विलीज आणि फोर्डला. (सॉफ्टवेअरवाल्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. प्रोटोटाइप एकाचा, कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्याला.) युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीपा बनल्या. वजन साधारण एक टन, इंजिन ६० हॉर्सपॉवरचं. आजची एखादी छोटी हॅचबॅकही यापेक्षा ताकदवान असते.

जीपचं खरं डोकं इंजिनात नव्हतं, ट्रान्सफर केसमध्ये होतं. एक दांडा ओढला की पुढची चाकंही जोडली जायची. दुसरा ओढला की "लो" पडायचा, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त. पण कोरड्या डांबरी रस्त्यावर हे जोडून ठेवायचं नाही, कारण वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं आणि मधे सोडवणूक करणारं काही नसतं. थोडक्यात, चार चाकं कधी जोडायची हा निर्णय माणसाचा.

ही जीप आपल्याकडे आली ती मुंबईत. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली. फाळणीनंतर त्यातले मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. इकडे कंपनीचं नाव १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झालं. विलीजच्या जीपचे सुटे भाग जहाजातून यायचे आणि माझगावात जोडले जायचे. नंतर कांदिवली, नाशिक. इंजिनांचा कारखाना इगतपुरीत, म्हणजे आमच्या खर्डीहून घाट चढलं की लगेच. २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली तेव्हा मी लहान होतो. पुढची कित्येक वर्षं हायवेला उभं राहून ट्रेलरवरच्या नव्या स्कॉर्पिओ मोजणं हा आमचा रविवारचा उद्योग. गाड्या नाशिकहून घाट उतरून आमच्या समोरून जायच्या. आज त्याच नाशिकच्या कारखान्यात थार बनते.

मग बर्फाचा संबंध कुठे आला? लडाखमध्ये, आणि तोही लढाईतून. १९४८ च्या शरद ऋतूत झोजी ला ही साडेतीन हजार मीटरवरची खिंड शत्रूच्या ताब्यात होती आणि लेहचा रस्ता तुटला होता. जनरल थिमय्यांनी ठरवलं की रणगाडे वर न्यायचे. ७ कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, त्यांच्या वरच्या तोफा-घुमट काढून, गुपचूप जम्मूहून बालतालपर्यंत आणले. सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद करून त्यांना रस्ता करून दिला. १ नोव्हेंबर १९४८ ला रणगाडे खिंडीत शिरले, ऐन बर्फाच्या तोंडावर. इतक्या उंचीवर रणगाडा येईल असं समोरच्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं.

या गोष्टीत लोक रणगाडे लक्षात ठेवतात. मला सॅपर्स लक्षात राहतात. आधी रस्ता, मग गाडी.

७ मे १९६० ला बॉर्डर रोड्स ऑर्गनायझेशन स्थापन झाली. तिच्या जनरल रिझर्व्ह इंजिनिअर फोर्सचं, म्हणजे ग्रेफचं, प्रशिक्षण केंद्र कुठे आहे माहितीये? पुण्यात, दिघीला. आळंदीला जाताना आपण ज्या दिघीवरून जातो तीच. झोजी लावर स्नो कटर चालवणारा, बर्फाच्या दोन भिंतींमधून डोझर नेणारा माणूस कधीतरी या दिघीतून गेलेला असतो. झोजी ला पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असायची. २०२५ मध्ये ती अवघ्या ३२ दिवसांत, १ एप्रिलला उघडली. इन्स्टाग्रामवर बर्फाच्या भिंतींमधून जाणाऱ्या गाडीची रील दिसते ना, त्या भिंती कुणीतरी कापलेल्या असतात.

सैन्याच्या गाड्यांचा वेगळा भाग करीन, कारण जोंगा म्हटलं की माझं बोलणं संपतच नाही. इथे इतकंच सांगतो. निसान पेट्रोलवर आधारलेली जोंगा १९६९ पासून जबलपूरच्या कारखान्यात बनली. नंतर हलकी जिप्सी आली. २०१७ मध्ये पुण्याच्या टाटा मोटर्सला ३,१९२ सफारी स्टॉर्म पुरवायचं कंत्राट मिळालं. सैन्याची वाहनं तपासणारी व्हीआरडीई ही संस्था अहिल्यानगरला आहे. बर्फ हिमालयात, पण बर्फातल्या गाड्यांचा निम्मा कारभार आपल्या घाटमाथ्यावर.

मग ही गाडी चैनीची कधी झाली? जीप पाहूनच इंग्लंडमध्ये मॉरिस विल्क्स यांनी लँड रोव्हर काढली. १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली, शेतकऱ्याची गाडी म्हणून. १९७० मध्ये रेंज रोव्हर आली. गंमत म्हणजे पहिल्या रेंज रोव्हरच्या आतली जमीन पाण्याच्या पाइपने धुवून काढता यायची. कातडी सीट वगैरे लाड नंतरचे. पण तिच्यात एक मोठी गोष्ट होती: चारही चाकं कायम जोडलेली, आणि पुढच्या-मागच्या चाकांमध्ये तिसरं डिफरन्शियल. म्हणजे डांबरी रस्त्यावरही चालेल. दांडा ओढायचा निर्णय माणसाकडून गेला.

१९७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे इंजिनिअर फिनलंडच्या बर्फात गाड्या तपासत होते. तिथे फोक्सवॅगनची इल्टिस नावाची साधी लष्करी गाडी त्यांच्या जास्त ताकदीच्या गाड्यांना मागे टाकू लागली, कारण तिची चारही चाकं ओढत होती. त्यातून १९८० मध्ये क्वाट्रो आली. आणि २००४ मध्ये लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ मध्ये एक गोल बटण आलं: गवत-खडी-बर्फ, चिखल, वाळू, खडक. बटण फिरवायचं, बाकी गाडी बघेल.

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून या "स्नो मोड"मागे काय असतं याचं मला भारी कुतूहल होतं. जादू काही नाही. ॲक्सिलरेटर तेवढाच दाबला तरी इंजिन हळू प्रतिसाद देतं. गाडी वरच्या गियरमध्ये निघते म्हणजे चाकाला झटका बसत नाही. एखादं चाक फिरायला लागलं की कॉम्प्युटर त्याच चाकाचा ब्रेक दाबतो आणि जोर दुसरीकडे जातो. माझे काका ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद ठेवून आणि चाकाखाली गोणपाट टाकून जे करायचे, त्यातलं पायाचं काम सॉफ्टवेअरने घेतलं. गोणपाटाचं काम अजून तुमचंच आहे.

२००८ मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर घेतली. मे २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की रेंज रोव्हर आता पुण्यातही जोडली जाणार, ५४ वर्षांत पहिल्यांदाच इंग्लंडबाहेर. जीप रँग्लरही पुण्याजवळ रांजणगावला जोडली जाते. माझगावला जे पेट्यांतून उतरलं होतं, त्याचं हे आजचं रूप.

आता माझी स्वतःची फजिती. दोन वर्षांपूर्वी मित्राच्या ओळखीतून आम्हाला मनालीला एक फार महागडी गाडी मिळाली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक आमची होती. एअर सस्पेन्शन, सीटला हीटर, स्क्रीनवर गाडी किती अंशात कलली तेही दिसायचं. टायर मात्र रुंद, चकचकीत, शहरातले. सकाळी बोगद्याकडे गेलो तेव्हा काहीच वाटलं नाही. संध्याकाळी परत येताना, बोगद्याचं मनालीकडचं तोंड सोडून धुंदीच्या उतारावर लागलो. दिवसा वितळलेलं पाणी पुन्हा गोठलं होतं. रस्ता नुसता ओला दिसत होता. यालाच ब्लॅक आइस म्हणतात. बर्फ पारदर्शक असतो, खालचं डांबर दिसतं, म्हणून फसायला होतं. मित्राने ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची कटकटकट सुरू झाली आणि अडीच टनांची गाडी, माणूस चालतो त्या वेगाने, एकदम शांतपणे, खाली सरकत राहिली. डावीकडे दरी. उजवीकडे साचलेल्या बर्फाचा ढिगारा होता, त्याला गाल घासून थांबली. गाडीत कुणीच बोलत नव्हतं. फक्त सीटचे हीटर चालू होते.

तेवढ्यात मागून एक जुनी आल्टो खडखडत आली. पुढच्या चाकांना चेन. आतला स्थानिक माणूस उतरला, आमच्या टायरांकडे बघून "भाईसाब, ये तो चप्पल पहन के आए हो" म्हणाला, डिकीतून मातीची गोणी काढली आणि चाकांपुढे पसरली. मला काकांचं गोणपाट आठवलं. दहा मिनिटांत आम्ही मार्गी लागलो, आल्टोच्या मागे मागे.

हॉटेलवर येऊन मी आकडेमोड केली, कारण मला झोप येत नव्हती. ताशी ४० किलोमीटरवरून पूर्ण ब्रेक मारला तर कोरड्या डांबरावर गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर ३० मीटरच्या आसपास. गुळगुळीत गोठलेल्या रस्त्यावर ६० मीटरच्या पुढे. लोकलचा एक डबा वीसेक मीटरचा धरा, म्हणजे अर्ध्या डब्याऐवजी तीन डबे! आणि या गणितात गाडीची किंमत कुठेच येत नाही. फोर बाय फोर गाडीला निघायला मदत करतं, चढायला मदत करतं. थांबताना मात्र आल्टोलाही चार चाकं आणि रेंज रोव्हरलाही चारच. पकड देतो तो टायर.

आणि टायरचं असं, की आपला नेहमीचा रबर साधारण ७ अंशांखाली कडक व्हायला लागतो. हिवाळी टायरचा रबर थंडीतही मऊ राहतो आणि त्यावर बारीक बारीक चिरा असतात. बाजूला डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह असतं. आपल्याकडे ते सहज मिळत नाहीत, म्हणून आपल्यासाठी खरा पर्याय चेन. १९०४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीडने चेनचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतर तिच्यात मूळ कल्पना म्हणून फारसं बदललेलं नाही. तर दादा, ऐकतोयस ना? तुझी ताकद मागच्या चाकांना आहे, म्हणजे निदान मागच्या जोडीला तरी चेन हवी. पण स्टिअरिंग पुढच्या चाकांवर, आणि थांबवण्याचा बराचसा भारही पुढेच. उतारावर मागे पकड आणि पुढे घसरण झाली तर गाडी वळणार नाही. दोन्ही जोड्या घे. गाडीची पुस्तिका वाचून मापाच्या घे, आणि इथे खर्डीत अंगणात दोनदा लावून-काढून बघ. तिथे उणे पाच अंशांत बोटं चालत नाहीत. चेन लावल्यावर तीसच्या वर जायचं नाही, कोरडा रस्ता आला की काढायची.

डिझेलचंही बघ. थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबतो. लडाखमध्ये पूर्वी सकाळी टाकीखाली शेकोटी करायचे, डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहणारं डिझेल आणलं. सिस्सूला इतकी थंडी रोज नसते, पण आपल्याकडची भरलेली टाकी तशीच घेऊन जाण्यापेक्षा मनालीत भर. कूलंटमध्ये नुसतं पाणी असेल तर गोठून इंजिन फुटेल. काचेवर मारायचं पाणीही गोठतं. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, तो जाम होतो. गियरमध्ये टाक आणि चाकाला दगड लाव.

उतरताना दुसरा गियर, पाय ब्रेकवर नाही. पुढच्या गाडीशी आपल्या नेहमीच्या अंतराच्या चौपट अंतर. बोगद्यात रस्ता कोरडा असतो, वेग वाढतो, आणि ९.०२ किलोमीटर संपले की एकदम बाहेरचा बर्फ. बाहेर पडायच्या आधीच वेग कमी कर.

इतिहासातला एक योगायोग सांगतो. थारची नवी आवृत्ती बाजारात आली २ ऑक्टोबर २०२० ला. अटल बोगद्याचं उद्घाटन झालं ३ ऑक्टोबर २०२० ला. एका दिवसाचा फरक. त्याआधी लाहौलला जायचं तर ३,९७८ मीटरचा रोहतांग ओलांडायचा, आणि हिवाळ्यात सहा महिने ते खोरं जगापासून तुटलेलं. बोगद्याने तिथल्या लोकांना हिवाळ्यात दवाखाना मिळाला. त्याच बोगद्यातून आपल्यासारखे, चेन नसलेले, हजारोंनी पोचले. २०२३ च्या नाताळात एकाने गर्दी टाळायला थार थेट चंद्रा नदीत घातली, पोलिसांनी चलान फाडलं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या टप्प्यात हजाराच्या आसपास गाड्या अडकल्या आणि पोलिसांना रात्रीतून लोक काढावे लागले.

आणि एक गोष्ट, जी मी दादाला फोनवर सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात गाड्या अडकल्या. वीसहून जास्त माणसं गाडीतच गेली, त्यात लहान मुलंही होती. सगळी थंडीने गेली नाहीत. गाडी बंद, काचा बंद, हीटरसाठी इंजिन चालू. वर बर्फ पडत राहतो, सायलेन्सरचं तोंड बुजतं, आणि कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो. माणसाला फक्त झोप येते. म्हणून अडकलात तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, इंजिन तासातून दहाएक मिनिटंच चालवा, काच बोटभर उघडी ठेवा, आणि दर वेळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा मागे जाऊन बघा. डिकीत फावडं ठेवा. पाण्याच्या बाटल्या आणि पांघरुणं मात्र डिकीत नाही, सीटवर ठेवा, कारण डिकीचं दार गोठू शकतं.

दादाने काल चेनचे दोन सेट मागवलेत. आज संध्याकाळी मी आणि तो त्या अंगणात लावून बघणार आहोत. काका पण येतायत. त्यांनी बर्फ कधी पाहिलेला नाही. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं की तिकडे गोणपाट मिळतं का, नाहीतर इथूनच चार देतो.